पणजीचं सासरचं नाव

रत्नागिरीत मांडवीच्या कट्ट्यावर रोज बसणारे ते म्हातारे मास्तर मोडी वाचतात, एवढंच मला चहावाल्याकडून कळलं होतं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी लातूरकडचा, सातवीत शाळा सुटलेला, जयगडच्या बंदरात कामाला. माझी पणजी तमाशाच्या फडात गायची. रत्नागिरीतल्या एका घरात तिचं लग्न झालं आणि पाच महिन्यांत मोडलं, असं आजी सांगते. गाव मात्र आजीला जन्मभर बिनलग्नाच्या बाईची लेक म्हणत आलं. म्हणून मी ते घर शोधून काढलं; त्या घरच्यांनी बिचाऱ्यांनी चहा पाजून जुन्या मोडी वहीतलं लग्नाचं पान मला मोबाइलवर टिपू दिलं.

पणजीचं फडातलं नाव ऐकून घेऊन मास्तरांनी मोबाइल हातभर लांब धरला. ओठ हलत होते, आवाज नाही. माझी एसटी सुटायला आली होती.

"पणजीचं नाव दिसतंय का हो?"

"नाही."

मी "नीट बघा ना" म्हणत मोबाइलवर वाकलो.

"घाबरतोस काय मेल्या! लग्नात तांदळावर नवं नाव लिहितात ना, ते बघायचं. ही बघ, देशावरची गाणारी सून. मालती. वर मागाहून रेघ मारलीय."

"म्हणजे खोडलं?"

"खोडायला आधी लिहावं लागतं रे."

मग खिशातलं पेन त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तूच लिहून घे. तुझ्या घरची बाई आहे."

येतानाच्या तिकिटाच्या पाठीवर मी वाकडंतिकडं लिहिलं. मास्तर हसले नाहीत.

एसटीतून आजीला फोन लावून नाव सांगितलं.  ती म्हणाली, "परत एकदा घे की ते नाव."