सोलापूर, भर एप्रिल आणि दुपारी झोपणारं इन्व्हर्टर

एप्रिलमध्ये सोलापूरला हौसेनं कोणी जात नाही. मीही गेले नसते. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरींच्या कारखान्याच्या गच्चीवर मी डिझाइन केलेलं पहिलंवहिलं सोलर इन्व्हर्टर बसलं होतं, आणि तिथले मालक श्रीनिवासअण्णा फोनवर कडाडले, "मॅडम, तुमचा मशीन रोज अकरा वाजले की झोपतो. येऊन बघा, नाहीतर उतरवून पार्सल करतो!" आमच्या साहेबांनी वर फोडणी घातली, "ते परत आलं तर हे मॉडेल बंद." तीन वर्षं त्या मॉडेलपायी डोक्याचा भुगा केला होता मी. निघाले.

पुण्याहून सकाळची गाडी घ्या आणि पाणी भरपूर ठेवा. कुर्डुवाडी सुटली की खिडकीतून वारा नाही, वाफ येते. समोरच्या काकांनी विचारलं, "काय करता?" म्हटलं, इन्व्हर्टर बनवते.

"म्हंजे लाइट गेली की पंखा चालतो त्ये?"

"नाही काका. लाइट गेली की माझंही बंद होतं."

"मग उपेग काय त्याचा?"

आता काय सांगणार! पॅनेलची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज मंडळाच्या तारांत, घालणं म्हणजे चालत्या एसटीत चढणं. तिच्या वेगानं पळायचं आणि मगच पाय टाकायचा. आणि एसटीच थांबली तर आपणही थांबायचं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपलीच वीज बसायची. काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "लई किचाट हाय की."

स्टेशनबाहेर रिक्षाचं भाडं आधीच ठरवा. मी नाही ठरवलं, तोंडावर आपटले.

मला खरी भीती वेगळीच होती. इन्व्हर्टर फार तापलं की स्वतःहून वीज कमी करतं, तसं मीच त्याला शिकवलंय. रोज अकरानंतर ते तापत होतं हे त्यानं पाठवलेल्या नोंदींत दिसत होतं. म्हणजे थंड ठेवायची माझी रचनाच कच्ची, नाहीतर दुसरं काय?

गच्चीवर गेले तर इन्व्हर्टर पुसून लख्ख, वर हळदीकुंकू, शेजारी माझ्यासाठी खुर्ची. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. ऊन चटके देत होतं आणि बेटं मशीन पूर्ण जोरात चालू! अण्णा ओशाळले. "अय्यो, आज कसा चालतो? तुम्हाला घाबरतो वाटतं." जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही होतं. ती चटणी चुकवू नका. मी तिच्यावर ताव मारला, पण जिवाला चैन नव्हती. कारण सापडल्याशिवाय दुरुस्त काय करू, कपाळ?

दुसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी होती. चार्जर कारखान्यात विसरला म्हणून साडेअकराला न कळवताच गेले आणि थेट गच्चीवर चढले. बघते तर काय! माझं इन्व्हर्टर नखशिखांत जाड सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं. कोपरे सुतळीनं बांधलेले. आतून पंखे बिचारे घरघरत होते.

"हे कोणी केलं?" मी किंचाळलेच.

चादरींच्या घड्या घालणाऱ्या शांताबाई लगबगीनं वर आल्या. "म्याच की. अकरा वाजलं की हितं ऊन येतंय. एवढं मोलाचं मशीन, उन्हात उघडं ठिवायचं व्हय?"

"मग काल का नव्हती घातली?"

"काल तुमी येणार व्हता. पावण्याम्होरं मशीन झाकून ठिवत्यात का कुटं?"

मी चादर ओढून काढली आणि तिथेच बसून हसत सुटले. थोडं रडलेही, खोटं कशाला सांगू? माझी रचना पक्की होती! धूळ, ऊन, विजेचे चढउतार, सगळ्याचा विचार केला होता मी. मशीनवर कुणाची एवढी माया बसेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. तासाभरात ते पुन्हा पूर्ण जोरात आलं. अण्णा म्हणाले, "ठेवतो. पण मॅडम, त्याला गरम होतं तर बोलायला काय झालं?"

मुद्दा बरोबर होता. तापल्यावर ते पडद्यावर नुसता एक इंग्रजी आकडा दाखवत होतं. तो शांताबाईंनी काय वाचायचा? घरी आल्यावर आधी तेच काम केलं. आता पडद्यावर मराठीत येतं: 'मला गरम होतंय. अंगावर काही असेल तर काढा.' सोलापूरच्या मशीनवर इथूनच इंटरनेटवरून नवा प्रोग्राम चढवला, साहेबांना दाखवला, ते चक्क खूश झाले. मॉडेल वाचलं.

आठवडाभरात भर मीटिंगमध्ये फोन वाजला. शांताबाई!

"बाई, मशीन बोललं. गरम हुतंय म्हनतंय."

"चादर घातलीत का परत?"

"न्हाय वो, पोत्याची सावली केलिया, लांबनं. आज ऊनच लई हाय. तुमी काळजी करू नगा, गार पान्याची बादली आनलिया. वतू का?"

"शांताबाई, नको!" मी अशी ओरडले, की साहेबांच्या हातातला चहा सांडला.

त्याच संध्याकाळी पडद्यावर दुसरी ओळ घातली.