मैंदर्गीच्या माळावरची चारशे बारा झाडं

मैंदर्गीबाहेरच्या मुरमाड माळावर चन्नवीर सहा वर्षं राखणदार होता. त्याआधी तीस वर्षं त्यानं सोलापुरात माग चालवला. मागांच्या खडखडाटानं कान गेले, तेव्हा गावी परतला. माणसांत बसायला त्याला नको वाटे, झाडांपाशी बरं वाटे.

झाडं एका टॉवेल कंपनीची. कारखान्याच्या धुराची भरपाई म्हणून तिनं माळावर दहा हजार रोपं लावली होती. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक टॉवेलवर हिरवं लेबल असे: याचा कार्बन आमची झाडं शोषून घेतात. दुसऱ्याच उन्हाळ्यात बोअर आटली. चन्नवीरनं कळवलं. साहेबांनी आठवड्याला एक टँकर सुरू केला, आणि रस्त्याकडेच्या हिरव्या रांगेचे फोटो तेवढे दर महिन्याला मागवले. तो पाठवत राहिला. मागच्या रांगांचं कुणी विचारलं नाही.

मग ज्या देशात टॉवेल जायचे, तिथल्या कायद्यानं पुरावा मागितला. झाडं जिवंत असल्याचं दाखवा, नाहीतर लेबल काढा. म्हणून सोलापूरच्या ऑफिसातून ऋतुजा आली. नोकरीत नवीन होती. आधीच्या अहवालात नऊ हजार दोनशे झाडं जिवंत होती. तिनं चन्नवीरच्या कानाशी वाकून विचारलं, "अण्णा, खरी किती आहेत?"

"चारशे बारा," तो म्हणाला. "पाणी घालतोय की मी."

दोघांनी दोन दिवस मोजली. चारशे बाराच भरली.

ती निघताना त्यानं विचारलं, "खरं लिवलं तर टँकर वाढंल का, ताई?"

वाढेल, असं ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

कंपनीनं कायदा पाळला, तोही मुदतीच्या आत. लेबल काढलं, वेबसाइटवरचं झाडांचं पान काढलं. ज्या झाडांबद्दल आता काही बोलायचंच नव्हतं, त्यांचा टँकर बंद झाला आणि चन्नवीरचं कामही. ऋतुजा साहेबांकडे जाऊन भांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अहवाल उत्तम झाल्याचं सांगितलं.

चन्नवीर आणि त्याची बायको नागम्मा गावातल्या हापशावरून घागरी वाहू लागले. एका खेपेत जेमतेम सहा झाडं भिजत. आधी त्यानं लांबच्या रांगा सोडल्या, मग चिंचेची झाडं सोडली. मे महिन्यात हापशाला पाणी कमी पडलं. प्यायला पुरत नाही आणि तुम्ही झाडांना नेता, असं शेजारी म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. त्या दिवसापासून चन्नवीर माळाकडे फिरकला नाही.

जूनमध्ये ऋतुजानं फोन केला. त्याला ऐकू येईना, म्हणून नागम्मानं घेतला.

"करंजाची थोडी हायेत," ती म्हणाली. "ती बी शेळ्या खात्यात."

मग नागम्मानं विचारलं, नोकरी बरी चालली आहे ना. बरी चालली होती. तिच्या अहवालाच्या नमुन्यावर कंपनी आता आपली झाडं असलेल्या दुसऱ्या दोन माळांचे अहवाल करून घेत होती. तिथं अजून टँकर जात होते.