एका ओळीत उत्तर

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातल्या गृहस्थांना सगळे पाल्हाळकाका म्हणत, आणि उगीच नव्हे. भाजीत मीठ कमी पडलंय एवढं सांगायचं, तरी हे मिठाच्या बरणीपासून सुरुवात करणार! बायको वैतागून म्हणायची, "अहो, मुद्द्यावर या."

आणि गंमत बघा, आद्याक्षरांचे अर्थ सांगणारा प्रोग्रॅम लिहिला तो नेमका याच माणसाने. डॉक्टर केसपेपरवर दोन-तीन अक्षरं खरडून मोकळे. नव्या नर्सने विचारायचं कुणाला? तिने कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर 'काय' हे प्रोग्रॅमचं नाव लिहायचं, पुढे ती अक्षरं टाकायची आणि एंटर दाबायचं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, खाली थेट उत्तर. उत्तर मात्र काकांचं! 'एनपीओ'ला यायचं : "उपाशी ठेवणे. म्हणजे पाणीसुद्धा नाही. चहा तर नाहीच नाही, पेशंट कितीही लाडीगोडी लावो." नर्सेस हसत हसत वाचायच्या.

नवे मॅनेजर आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हे काय पुराण लावलंय? एका ओळीत उत्तर पाहिजे."

काकांनी निमूटपणे सगळं छाटलं. जीव तीळतीळ तुटत होता बिचाऱ्यांचा. मग घरीही ते तसंच बोलू लागले. "जेवलो." "झोपतो." बायको इतकी घाबरली, की कपाळाला हात लावून ताप बघायला लागली.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरसाहेब स्वतः हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. सकाळी चहासाठी हटून बसले. नव्या नर्सने केसपेपर पाहिला आणि 'काय'ला एनपीओ विचारलं. उत्तर आलं : "उपाशी ठेवणे."

"मग? चहा म्हणजे काय खाणं झालं?" साहेब म्हणाले. तिलाही ते पटलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी रिकामा कप पाहिला आणि साहेबांची अशी काही हजेरी घेतली, की विचारू नका! ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

साहेबांनी काकांना कॉटपाशी बोलावून घेतलं. "त्या पोरीची चूक नाही, माझीच आहे," ते ओशाळून म्हणाले. "काका, होतं तसं सगळं परत घाला. अन् चहा मॅनेजरने मागितला तरी नाही, असंही लिहा."

संध्याकाळी काका घरात शिरले ते हसतच. "अगं, आज काय झालं माहितीये? पण त्याआधी हर्निया म्हणजे काय, ते तुला सांगायला हवं..."

बायकोने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि समोर बसून म्हणाली, "सांगा. मुद्द्यावर यायची घाई नाही."