वर्षाला तीन दिवस जास्त

३१ जुलै. दुपारी सासूबाईंची पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नवऱ्याने त्यांना सांगलीला धाकट्या दिरांकडे पोचवायचं होतं. एक महिना साताऱ्यात आमच्याकडे, एक महिना सांगलीत त्यांच्याकडे, असं चार वर्षं चाललं होतं. दोघा भावांनी ते स्टँपपेपरवर लिहून घेतलं होतं. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचे निवृत्त सुभेदार मिळाले. दुसरं कुणी हाताशी नव्हतं म्हणून सासूबाईंनाच झोपेतून उठवून सही करायला लावली.

पिशवी भरता भरता मी भाषणाचीही तयारी करत होते. आमचं घर ख्रिस्ती. रविवारी उपासनेनंतर महिला मंडळात ‘करार’ या विषयावर मी पंधरा मिनिटं बोलावं असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. माझा अभ्यास मोठा म्हणून नव्हे, मी वेळेत थांबते म्हणून.

टिपणं बरी जमली होती. प्राचीन काळी मोठा राजा छोट्या राजाशी करार करी. आधी स्वतःचे उपकार, मग छोट्याची कर्तव्यं, शेवटी मोडल्यास लागणारे शाप. शापांचा भाग भरघोस असे. पुढे प्युरिटन हे कर्मठ ख्रिस्ती लोक इंग्लंड सोडून अमेरिकेला गेले आणि त्यांनी गावंच्या गावं कराराने बांधून घेतली. देवाशी नीट वागू, एकमेकांशी नीट वागू, आणि शेजारी नीट वागतो की नाही यावर लक्ष ठेवू. हे शेवटचं कलम आमच्या मंडळीत न लिहिताच पाळलं जातं. त्यांच्या मुलांत तेवढी कळकळ उरली नाही, तेव्हा त्यांनी अर्धा करार काढला. तुमच्या मुलांचा बाप्तिस्मा होईल, पण तुम्हाला प्रभुभोजन नाही आणि मंडळीत मतही नाही. इथे मला माझी जाऊ आठवली, पण ते टिपणात घातलं नाही.

कारण आमच्या करारात एक खोट होती आणि ती मीच शोधली होती. जानेवारी, मार्च, मे, जुलै हे चारही एकतीस दिवसांचे महिने आमच्या वाट्याला. त्यांच्याकडे तसे तीनच, आणि वर फेब्रुवारी. वर्षाचा हिशेब केला तर सासूबाई आमच्याकडे तीन दिवस जास्त राहत होत्या. लीप वर्षी दोन. मी हे नीट मांडून व्हॉट्सॲपवर पाठवलं. बरोबरी करायची तर दीड दिवस त्यांनी घ्यायला हवा होता. जाऊबाईंचा लगेच फोन.

“ताई, तो अर्धा दिवस आईंना कुठं ठेवायचं? वाटेत उंब्रजच्या स्टँडवर?”

तेव्हापासून आमचं बोलणं एसटीच्या वेळांपुरतंच होतं.

मी भाषणाचा मुख्य भाग मोठ्याने वाचून पाहिला. सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून ऐकत होत्या. बायबलात देव एका म्हाताऱ्या कुलपित्याला वचन देतो. त्या काळच्या रीतीप्रमाणे जनावरं मधोमध कापून दोन रांगांत मांडलेली. त्यामधून चालायचं, म्हणजे जो मोडेल त्याची हीच गत. पण कुलपिता गाढ झोपतो आणि देवाचा अग्नी एकटाच मधून जातो.

“म्हंजे म्हाताऱ्याला चालायला लावलंच न्हाई?”

“नाही. सगळं देवाने स्वतःच्या अंगावर घेतलं.”

“लय शाना देव. मग मलाबी उद्या चालवू नगंस. ह्यो बघ गुडघा.”

गुडघा नारळाएवढा सुजला होता. एसटीची पायरी सोडाच, गाडी करून नेलं तरी तीन तास पाय दुमडून बसणं शक्य नव्हतं.

“कधीपासून हे?”

“चार दिस झालं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचा म्हयना भरत आला हुता. म्हटलं, कशाला वाढवा.”

यावर माझ्या तोंडून निघालं, “बरं व्हायला किती दिवस लागतील?”

“मला काय ठावं? म्या गुडघ्याची सही घेतली न्हाई.”

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “ऑगस्ट त्यांचा आहे. इथे जितके दिवस जातील तितके सप्टेंबरमधून वळते करून घेऊ.” असा विचार करायला त्याला मीच शिकवलं होतं.

“नको,” मी म्हटलं.

“का?”

“रविवारी मला भाषण करायचंय.”

त्याला ते कळलं नाही. मला त्याहून चांगलं कारण सुचलंही नाही.

सकाळी साडेसहाला जाऊबाईंना फोन केला. आई येत नाहीत, गुडघा सुजलाय.

“मग हे दिवस कुणाचे धरायचे, ताई?”

“कुणाचेच नाही. मोजणं बंद.”

“असं मेसेजमध्ये लिहून पाठवा.”

मी लिहिलं, ‘आई बऱ्या होईपर्यंत इथेच राहतील. दिवस मोजायचे नाहीत.’ पाठवल्यावर लक्षात आलं की ऐंशी ओलांडलेला गुडघा बरा झाला हे कुणी ठरवायचं, ते लिहायचं राहिलं. तोवर तिकडून अंगठा आलाही होता. चार वर्षांत तिने इतक्या पटकन काहीच मान्य केलं नव्हतं.

मग मी शिकवते त्या शाळेत रजा कळवली, रिक्षा बोलावली आणि सासूबाईंना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. आमचा नंबर सतरावा होता.