बाटलीवरचा पदू

कर्जतच्या बाजारात पदू ठाकराच्या मधाला तोड नव्हती. हे मी सांगतो, ज्याने तीस वर्षं किराणा विकला आणि कुणाची फुकट स्तुती केली नाही. बाजाराला येताना पदू धुतलेला सदरा घालायचा, पांढरं मुंडासं बांधायचा आणि मध उतरवण्याआधी विचारायचा, "शेट, बरं हाय ना?"

सेहेचाळीस साली मध विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने बाटलीवरच्या चित्रासाठी चित्रकार पाठवला. माझ्याच ओट्यावर त्याने पदूला तासभर बसवलं. नाकावर बसलेली माशीसुद्धा बिचाऱ्याने हाकलली नाही. आपलं तोंड कागदावर कसं दिसतं, हे बघायची त्याला भारी हौस.

दोन महिन्यांनी बाटल्या आल्या. अरे देवा! सदरा गेला, मुंडासं गेलं. डोक्यात पिसं, कमरेला पानं, रंग डांबराचा, डोळे बटाट्याएवढे, आणि अख्खं पोळं तोंडात पिळतोय! मी पोट धरून हसलो. खोटं कशाला सांगू?

पदूला पिसांचं काही नव्हतं. त्या पोळ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "शेट, देवाला ठेवल्याबिगर मी मध चाटला, असं दिसतंय की! पाड्यावर कळलं तर मला परत झाडावर चढू देनार नाय." त्यांच्या पाड्याची रीतच तशी. पहिला तुकडा देवाचा. जो आधी चाखेल, त्याला झाडं बंद. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं हसू जिरलं.

आठ दिवसांत पाड्यावर बोभाटा झाला. पदूने मला साक्षीला नेलं. मी चांगलं भाषण जुळवून गेलो होतो, पण तिथली जाणती म्हातारी सोनुबाई बाटली उन्हात धरून बसली. मी तोंड उघडलं तशी डाफरली, "थांब रं, बघू दे की."

बाटली तिने चारी बाजूंनी फिरवली. मग म्हणाली, "ह्यो पदू नाय. ह्याला मध काढायचं ठावंच नाय. धूर नाय, दोर नाय, आन् माश्यांत उघडा उभा! मरंल की ह्यो." माणसं हसली. पदू मटकन खाली बसला आणि मुंडाशाने डोळे पुसू लागला.

सोनुबाईने बाटली माझ्या हातात दिली. "लई भुकेलेला दिसतोय गं बाई. आमच्यातला तर नाय. मंग कुनाचा हाय ह्यो?"

मी बाटलीवरचं ते तोंड नीट बघितलं.

"आमचा, आजी," मी म्हणालो.