लांब तार मागणारा

जळगावला माझं रेडिओचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. चोपड्याकडचा एक म्हातारा शेतकरी एकदाच आला. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. गावाने मिळून चावडीत रेडिओ बसवला होता. छपरावरच्या एरियलपासून रेडिओपर्यंत न्यायला त्याला जाळीची तार हवी होती.

जाळीची तार म्हणजे मधे तांबं, भोवती वेष्टण आणि त्यावर विणलेली जाळी. ती जितकी लांब, तितका आवाज क्षीण. म्हणून मी आखूड तुकडा पुढे केला. त्याने तो बाजूला सारला, भेंडोळ्यातली तार दोरासारखी मनगटाभोवती वळवून पाहिली आणि कोपराने मापत सुटला.

"एवढी कशाला, आबा?" मी जरा तिरसटपणेच विचारलं. मला वाटलं, हा रेडिओ स्वतःच्या घरी नेणार.

तो टोकाला लावायच्या पिना पाहू लागला. आटे फिरवून बसणारी पक्की पिन त्याने परत ठेवली, नुसती दाबून बसणारी घेतली.

"हातले कनिक लागेल ऱ्हायनी तरी बसाले पाहिजे," तो म्हणाला.

"हाताला कणीक लागलेली असताना रेडिओची पिन कोण बसवणार?" मी विचारलं.

"चावडीमा बाया येतीस का, भाऊ? दुपारले रेडिओ समोरना आंगनमा लई जासूत."

"पण रेडिओ एवढ्या लांब अंगणात नेला तर आवाज कमी येईल, आबा."

"येऊ दे. बाया जरा जोडे सरकीसन बसतीन."

मी कात्री घेतली. तोडताना कोपरभर तार जास्तच धरली. आवाज आणखी थोडा कमी झाला असणार.