कुकर घेऊन सफारीला

आफ्रिकेला जाऊन आल्याला आता वर्ष होईल. फोटो कुणी बघायला मागत नाही. सिंह सगळ्यांनी टीव्हीवर आमच्यापेक्षा जवळून बघितलाय! पण इथे न्यूझीलंडात, ऑकलंडजवळच्या आमच्या टाकानिनीत, शनिवारी कुणाच्याही घरी चार माणसं पोह्याला जमली, की कुणीतरी म्हणतंच, "ए, ते जिराफाचं सांग ना!" मग एकातून दुसरं निघतं आणि पोहे गार होतात. मी सातवीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाही. पण सांगून सांगून परागदादांचा सिंह दर वेळी एक फूट जवळ यायला लागलाय. म्हटलं, आहे तसं एकदा लिहूनच ठेवावं.

आम्ही सहा जण होतो. मी, आमचे हे आणि आमची चार वर्षांची ओवी. शेजारचे परागदादा आणि मुग्धाताई, दोघं पुण्याचे, ऑकलंडात कॉम्प्युटरची नोकरी. आणि मुग्धाताईंच्या सासूबाई, म्हणजे काकू, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या.

बुकिंगच्या वेळी मुग्धाताईंनी विचारलं, "चित्ता दिसेल का?" दादांनी विचारलं, "वायफाय आहे का?" मी विचारलं, "स्वयंपाकघर आहे का?"

कारण ओवी जेवत नाही. म्हणजे जेवतच नाही. मऊ वरणभात, तोही चार घास, तोही पाऊण तास मागे फिरून. चार महिने वजनाचा काटा जागचा हलला नव्हता. डॉक्टर म्हणाली, "शी इज फाईन!" तिला काय जातंय म्हणायला! जंगलात दहा दिवस ही पोर काय खाणार, या विचाराने मला विमानात बसायच्या आधीच ॲसिडिटी झाली. सिंह, साप, मलेरिया हे सगळं त्याच्यानंतर. मी बॅगेत छोटा कुकर घातला. हे म्हणाले, "अगं, लोक दुर्बीण नेतात."

म्हटलं, "दुर्बिणीत भात होतो का?"

*

पहिला मुक्काम लॉजवर. खोली राजवाड्यासारखी, पण न्हाणीघराला छप्पर नाही. तीन बाजूंनी बांबूची भिंत, वर आभाळ. काकू सकाळी अंघोळीला गेल्या आणि आतून जोरात आवाज आला, "शू! शू! हो तिकडे!"

आम्ही धावलो. भिंतीच्या वरून जिराफ आत डोकावत होता. निवांत, पाला चघळत.

"अहो, बाईमाणूस अंघोळ करतंय!" काकू आतून ओरडल्या. कुणाला ते कळेना, जिराफाला की आम्हाला.

जोसेफ म्हणजे आमचा गाईड, साडेसहा फुटी माणूस, पळत आला. काकूंनी आतूनच हुकूम सोडला, "पराग, त्या माणसाला विचार, हे बाई आहे की बुवा?"

दादांनी विचारलं. जोसेफने शिंगांवरचे केस बघून सांगितलं, मादी आहे.

 मग पुन्हा तांब्याचा आवाज सुरू झाला.

"मग असू दे!"

*

परागदादा न्यूझीलंडमध्ये पंधरा वर्षं राहून पक्के किवी झालेत. डेअरीत दूध आणायलाही अनवाणी जातात. इथे साप नाहीत, विंचू नाहीत, त्यामुळे पायाखाली बघायची सवयच गेली. जंगलातही माणूस जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरत होता. जोसेफने रोज सांगायचं, "बूट घाला, घालायच्या आधी झटका." दादांनी रोज म्हणायचं, "स्वीट ॲज!" म्हणजे किवी भाषेत, काही काळजी नको.

एके दिवशी जोसेफने स्वतःच दादांचा बूट उचलून झटकला. आतून बोटाएवढा काळा विंचू पडला.

दादा टेबलावर. खरंच, चहाच्या टेबलावर!

जोसेफने शांतपणे विचारलं, "सर, तुमच्या देशात चावणारं काहीच नाही का?"

दादांनी वरूनच खूप वेळ विचार केला. "आहे ना. सँडफ्लाय."

"किती मोठा असतो?"

दादांनी दोन बोटांत तिळाएवढी फट करून दाखवली. त्या दिवसापासून जोसेफ दादांचा हात धरून त्यांना जीपमध्ये चढवायचा.

*

या सगळ्यात ओवीचं काय चाललं होतं? लॉजवर बुफे होता, बत्तीस पदार्थ. तिने पहिल्या दिवशी एक पाव कुरतडला. दुसऱ्या दिवशी अर्धा. मी मुग्धाताईंजवळ रडले. त्या म्हणाल्या, "अगं, भूक लागली की खाईल." ज्यांना पोरं भरवावी लागत नाहीत ना, त्यांना हे वाक्य फार सुचतं!

तिसऱ्या दिवशी सिंह दिसला. रस्त्याच्या कडेला, जीपपासून बारा पावलांवर. (दादांच्या हिशोबाने आता चार.) सगळे श्वास रोखून बसले. ओवीने जन्मात पहिल्यांदा खराखुरा सिंह बघितला आणि तिचा आ वासला.

मी आयुष्यात एवढी संधी कधी बघितली नव्हती. पर्समधला बुफेच्या भाताचा डबा काढला आणि घास आत!

जोसेफ दातओठ खात कुजबुजला, "मॅडम, नो फूड!" मी डबा लगेच लपवला. पण काम झालं होतं. दादांनी काढलेल्या सिंहाच्या व्हिडिओत अर्धा वेळ माझा चमचा आहे, ते अजून बोलतात.

घास मात्र गालातच राहिला. सिंह उठून गेला, घास गालात. झेब्रे झाले, पाणघोडे झाले, घास गालात. दीड तासाने जीपमधून उतरताना ओवीने तो जोसेफच्या काढून ठेवलेल्या टोपीत ठेवला आणि म्हणाली, "थँक यू."

*

मग आम्ही आत जंगलात, तंबूंच्या कॅम्पवर गेलो. कुंपण नाही, काही नाही. प्रत्येक तंबूत खुंटीला एक शिट्टी. जोसेफने सगळ्यांना उभं करून समजावलं, "जनावर आलं तर बाहेर यायचं नाही. तीन शिट्ट्या मारायच्या. आम्ही बंदूक घेऊन येतो." सगळ्यांनी माना हलवल्या. मी तर दोनदा म्हणवून घेतलं, तीन ना? तीन.

मला आनंद वेगळाच झाला होता. उघडं का होईना, पण स्वयंपाकघर होतं आणि गॅस होता! दुपारी चारला मी कुकर चढवला.

पहिली शिट्टी झाली. झाडावरचे पक्षी उडाले.

दुसरी झाली. लांब कुठेतरी कुणीतरी ओरडलं.

तिसरी झाली. काकू खुर्चीतून म्हणाल्या, "झाल्या गं तीन, बंद कर."

मी गॅस बंद करतेय तोवर झुडपं मोडत जोसेफ आला. हातात बंदूक, मागे काठ्या घेतलेले तिघे. "कुठे आहे? कुठे आहे?" मी भीतीने हात वर केले. एका हातात पळी. कुकरने राहिलेली वाफ सोडली, फुस्स! बंदूक गर्रकन कुकरकडे वळली.

"आत काय आहे?" जोसेफने विचारलं.

"डाळ," मी म्हटलं.

त्याने बंदूक खाली केली. मग वायरलेस तोंडाशी धरून म्हणाला, "सगळ्यांनी परत जा. लेंटिल्स आहेत."

कुकर आतल्या डाळीसकट ऑफिसात जमा झाला. त्याला चिठ्ठी लावून कपाटात ठेवला, बंदुकीच्या गोळ्यांच्या शेजारी!

*

आता काय? कॅम्पच्या आचाऱ्याने, फार भला माणूस, पातेल्यात भात-डाळ शिजवून दिली. तासभर लागला. मी वाटीत कालवून, वर तूप घालून ओवीसमोर ठेवलं. नेहमीचं सुरू झालं. "नो, आई." "एक घास, चिऊचा." "नो चिऊ." तिने वाटी टेबलाच्या कडेला सरकवली आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात झाडावरून काळ्या तोंडाचं एक माकड उतरलं, वाटी उचलली आणि परत फांदीवर! आम्ही काही बोलायच्या आत ते वरणभात खायलाही लागलं. चार बोटांनी, नीट निपटून. मध्येच बोटं चाटत.

ओवी खुर्चीवर उभी राहिली. "हे! दॅट्स माईन!"

माकडाने लक्ष दिलं नाही.

"आई! ही इज फिनिशिंग इट!"

मी घाईघाईने दुसरी वाटी कालवली. ती माझ्या हातातून तिने ओढून घेतली. डावा हात वाटीभोवती आडवा, नजर माकडावर, आणि उजव्या हाताने, स्वतःच्या हाताने, पोर जेवायला लागली. हे काही बोलणार, तर काकूंनी त्यांना हाताने गप्प केलं. सिंहापुढे बसलो नव्हतो एवढे आम्ही स्तब्ध. वाटी रिकामी झाली. ओवीने ती वर धरून माकडाला दाखवली. "ऑल गॉन!" आणि माझ्याकडे वळून, "मोअर!"

मुग्धाताई म्हणतात मी रडत होते. डाळ तिखट होती.

कॅम्पवर माकडं हाकलायला गलोल घेतलेला एक माणूस होता. तो बिचारा पळत आला, तर मी त्याला हात जोडले. "भाऊ, दोन दिवस राहू द्या!" त्याला मराठी कुठलं कळायला, पण गलोल खिशात गेली. पुढचे दोन दिवस मी रोज त्याच झाडाखाली ओवीचं पान वाढलं. माकड वर, ओवी खाली. कोण आधी संपवतं बघ! माकडाला काही मिळालं नाही, पण ते बघत बसायचं, तेवढं पुरे होतं.

निघायच्या दिवशी मॅनेजर बाई स्वतः आल्या. माकडाच्या त्रासाबद्दल फार फार दिलगिरी व्यक्त केली आणि एक फॉर्म पुढे केला. शेवटचा प्रश्न आमच्या ह्यांनी वाचून दाखवला, "इथल्या कुणी तुमची खास काळजी घेतली असेल, तर त्यांचं नाव लिहा."

मी ह्यांच्या हातातून पेन घेतलं.

"अगं, थांब, जोसेफचं स्पेलिंग सांगतो," हे म्हणाले.

"नको," मी म्हटलं, "हे मला येतं," आणि लिहिलं, MONKEY.